धुळे पुरुष एक

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे झाली होती. धुळ्यात देवपुरातल्या एका घरी, जिन्याखालच्या कोनाड्यात, तीन बाजूंनी टांगलेल्या गोधड्यांच्या मधे रूपा सोनवणे मायक्रोफोनसमोर उभ्या होत्या आणि एका वाक्यात अडकल्या होत्या.

वाक्य सोपे होते. ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की’ इथपर्यंत आवाज स्वच्छ येत होता. पुढचा पत्ताही नीट जात होता. मग नाव यायचे. नावाशी आवाज एकदा फाटला, एकदा घाईने पुढे गेला, एकदा शेवटचे अक्षर गिळले गेले. रूपाताईंनी कोमट पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

नाव होते लोटन दगा बोरसे. ते त्याच पहाटे दवाखान्यात वारले होते. सत्तावीस वर्षे धुळे शहराला मृत्यूची बातमी त्यांच्याच आवाजात कळत असे.

धुळ्यात कोणी गेले, की भोंगा लावलेली रिक्षा गल्ल्यांमधून फिरते. नाव, पत्ता, अंत्ययात्रा किती वाजता आणि कुठून, एवढेच ती सांगते. हा आवाज पुरुषाचा असतो. तसा नियम कुठे लिहिलेला नाही. बाईच्या आवाजात साड्या विकल्या जातात, शाळांचे प्रवेश सुरू होतात, मसाले खपतात. मयत सांगितली जात नाही. रूपाताईंनी आवाजाच्या धंद्यातल्या बावीस वर्षांत एकही निधनवार्ता वाचली नव्हती. आज त्या पहिली वाचत होत्या, कारण लोटन नानांनी तसे सांगून ठेवले होते.

या दोघांची धंद्यात जोडी होती. रूपाताई गणेश मंडळाच्या कार्यक्रमात निवेदन करत असताना नानांनी त्यांना ऐकले आणि दुसऱ्या दिवशी जळगावच्या स्टुडिओत नेले. त्यानंतर दुकानांच्या जाहिरातींतले नवरा-बायको हेच दोघे झाले. ‘अहो, ऐकलंत का?’ हे रूपाताईंचे आणि ‘काय गं?’ हे नानांचे. पाच कंदिलाच्या भाजीबाजारात बायका रूपाताईंना ‘तुमचे हे बरे आहेत ना?’ असे विचारत, तेव्हा त्या नानांविषयी विचारत असत. रूपाताईंचे खरे यजमान स्वप्नील नरडाण्याला एका कारखान्यात आहेत. ‘माझ्या बायकोचा नवरा भोंग्यात राहतो,’ असे ते पाहुण्यांना सांगत.

व्हॉइसओव्हरच्या धंद्यात श्वास हा कचरा मानतात. रेकॉर्डिंग झाले, की वाक्यांमधले श्वास कापून टाकतात. ग्राहकाला शब्द हवे असतात, माणसाची दमछाक नको असते. नाना एकच श्वास कापू देत नसत: निधनवार्तेत मृताचे नाव घेण्याआधीचा. तो चांगला लांब, ऐकू येईल असा असे. ‘माणूस चालना गया,’ ते अहिराणीत म्हणत, ‘त्यानं नाव लेवाना पहिले आपण दम त लेवाले पाहिजे.’ त्या तेवढ्या वेळात गल्लीतल्या बायका नळ बंद करत आणि नाव ऐकायला दारात येत.

तीन वर्षांपूर्वी नानांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावे लागेल असे सांगितले. शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात जळगावचा स्टुडिओमालक भूपेंद्र याने नानांना बोलावून घेतले आणि दिवसभर बसवून वाचून घेतले. गल्ल्यांचे नंबर, गावांची नावे, आडनावे, वार, वेळा. ‘आठवण म्हणून, नाना,’ असे तो म्हणाला. त्या दिवशी तो खोटे बोलत होता, असे रूपाताईंना आजही वाटत नाही. वर्षभराने आवाजाची हुबेहूब नक्कल करणारे सॉफ्टवेअर त्याच्याकडे आले. मजकूर टाइप केला की काही मिनिटांत नानांच्या आवाजातली फाइल तयार होऊ लागली. त्यासाठी नानांना विचारले गेले होते का? रूपाताई म्हणतात, ‘सांगितलं गेलं होतं.’

नाना पाटीवर लिहून बोलायला शिकले. मागच्या हिवाळ्यात सावद्याजवळ लीलाधर चौधरी यांच्या केळीच्या मळ्यात भरीत पार्टी झाली. जळगाव-धुळ्याकडच्या व्यावसायिक आवाजांचा ‘खान्देश आवाज’ नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यांचा हा वर्षातला एकमेव मेळावा. पोटासाठी बाराही महिने पुस्तकी मराठी बोलणारी ही माणसे तिथे आपापल्या बोलीत मोकळी होतात. नानांसाठी बिनमिरचीचे भरीत वेगळे काढले होते.

‘नाना, आता तरी आमाले बोलू द्या,’ लीलाधर म्हणाले. ‘इतके वर्सं तुम्हीच बोलले.’

नानांनी पाटीवर लिहिले, ‘बोल. कान शाबूत शेत.’ कान शाबूत आहेत.

सगळे हसले. नानाही हसले, त्याचा आवाज आला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी रूपाताई त्यांना भेटायला गल्ली नंबर सहामध्ये गेल्या. दोघे बसलेले असताना बाहेरून रिक्षा गेली. नानांच्याच आवाजात कोणा निवृत्त शिक्षकाची मयत सांगत होती. नाव येण्याआधी तो लांब श्वास आला. नानांनी पाटी ओढली.

‘श्वास बी मनाच लिधा.’ श्वासही माझाच घेतला.

पुसून पुन्हा लिहिले, ‘मनी येळले तू सांगजो.’ माझ्या वेळेला तू सांग.

‘नाना, बाईना आवाज कोण लावी?’ रूपाताईंनी विचारले.

‘तू लाव.’

तेवढ्यात त्यांच्या पत्नी तानुबाई चहा घेऊन आल्या. नानांनी बाहीने पाटी पुसली.

म्हणून त्या सकाळी रूपाताई जिन्याखाली उभ्या होत्या. सातच्या सुमारास रेकॉर्डिंग मनासारखे झाले. नावाआधी त्यांनी श्वास घेतला होता, थोडा आखूड. तो कापला नाही. फाइल मोबाइलमध्ये घेतली आणि भोंग्याच्या रिक्षावाल्याला, भिकनला, फोन लावला. त्याने उचलला नाही. त्या स्कूटी घेऊन निघाल्या.

भिकनने फोन उचलला नाही, कारण तो कामावर निघाला होता. नानांचे शेजारी झुलाल यांनी पहाटेच त्याला मेसेज पाठवला होता: नाव, पत्ता, वेळ. भिकनने तो नेहमीसारखा जळगावला पुढे पाठवला. स्टुडिओत सकाळच्या पाळीला ऋतिका नावाची मुलगी असते. ती कामाला लागली तेव्हा नानांचे बोलणे बंद झालेले होते. तिच्या संगणकावर आवाजांची यादी आहे आणि त्यात माणसांची नावे नाहीत. धुळ्याची मयत आली, की ‘धुळे पुरुष एक’ निवडायचा, हे तिला शिकवलेले होते. तिने तो निवडला, मजकूर टाइप केला आणि फाइल परत पाठवली. भिकनने ती न ऐकताच भोंग्याला जोडली. रोजचे काम कोणी ऐकून पाहत नाही.

रूपाताई नानांच्या गल्लीच्या तोंडाशी पोहोचल्या तेव्हा रिक्षा गप्प उभी होती आणि भिकन हँडलवर कपाळ टेकून बसला होता. लोक ओट्यांवर आले होते.

‘काय लावलंस भिकन?’

‘ताई, माले काय मालूम! मेसेज उना, मी जळगावले ढकली दिधा. फाइल उनी, जोडी दिधी. नाव ऐकं, तव्हय बंद करी दिधं.’

लोटन दगा बोरसे यांच्या निधनाची वार्ता लोटन दगा बोरसे यांच्या आवाजात एकदा वाजून गेली होती.

तानुबाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांच्या भोवती शेजारणी होत्या. त्यांनी भिकनला हाक मारली, ‘बंद कसाले करं रे?’

‘अक्का, चुकी व्हई गयी. आते बदली देस. रूपाताईनी दुसरं आणेल शे.’

‘काय बदलस? तीन वरीसपाईन माले हाक नही मारी त्या माणूसनी. आज बोलना, त तू बंद करस?’

रूपाताई खाली त्यांच्याजवळ बसल्या. ‘अक्का, तो मशीनना आवाज शे.’

‘माले नको सांगू,’ तानुबाई म्हणाल्या. ‘नाव लेवाना पहिले दम लिधा त्यानी. मी काय ओळखत नही का? आखो एकदा लाव म्हना.’

रूपाताईंच्या हातात मोबाइल होता. बोट फाइलवर होते. ‘अक्का, नानांनी माले सांगेल व्हतं...’

‘काय सांगेल व्हतं?’

तानुबाईंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिले. शेजारणींनीही पाहिले. वीस-बावीस वर्षे शहराने जिला या माणसाची बायको समजले, ती बाई त्याच्या खऱ्या बायकोसमोर बसली होती आणि त्याने आपल्याला काय सांगून ठेवले ते सांगू पाहत होती. हे त्या क्षणी आपल्याला लख्ख दिसले, असे रूपाताई सांगतात.

‘काही नही, अक्का.’

‘ताई, कोणतं लावू?’ भिकनने विचारले.

‘तेच लाव.’

त्याने लावले. नावाआधीचा श्वास आला. तानुबाईंनी डोळे मिटले. त्यांनी ते तीनदा लावून घेतले, मग हाताने ‘जा’ अशी खूण केली आणि रिक्षा पुढच्या गल्लीत वळली.

अंत्ययात्रेपर्यंत ती आग्रा रोड, पाच कंदील, देवपूर असे सगळे शहर फिरली. ज्यांना नाना माहीत नव्हते, त्यांना त्यात वेगळे काही वाटले नाही. ज्यांना माहीत होते, ते रस्त्यात थांबले. एका चहाच्या गाड्यावर कोणी म्हणाले, ‘वा रे नाना! स्वतःचीच मयत स्वतः सांगी गया.’ दोघे-तिघे हसले. बाकीच्यांनी चहा संपवला.

‘खान्देश आवाज’ ग्रुपवर टाइप करायचे नाही, बोलायचे, असा दंडक आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा आवाजात जातात. फक्त नानांना सूट होती. त्या दिवशी सगळ्यांनी टाइप केले. कोणीतरी रिक्षाची क्लिप टाकली. काहींनी ती श्रद्धांजली म्हणून पुढे पाठवली. काहींनी हे थांबले पाहिजे असे लिहिले. लीलाधर यांनी दोन्ही केले.

चाळीसगावच्या कामिनी पाटील बँकांच्या आणि दवाखान्यांच्या फोनवरच्या सूचना वाचतात. त्यांनी ग्रुपवर विचारले, ‘भूपेंद्रभाऊ, माझाही आवाज तुमच्या यादीत आहे का?’ निळ्या खुणा दिसल्या.

भूपेंद्र अमरधामच्या फाटकापाशी उभा होता, आत आला नव्हता. कामिनीताईंनी त्याला तिथेच गाठले. रूपाताई शेजारी होत्या.

‘चूक झाली, ताई. त्या पोरीला नानांचं नावसुद्धा माहीत नव्हतं. मी तिला बोललोय.’

‘तिला काय बोलता?’ कामिनीताई म्हणाल्या. ‘तो आवाज आता काढणार का?’

‘मी काढीन हो. पण लोक तोच मागतात. मधे एकदा दुसऱ्याच्या आवाजात मयत सांगितली, तर गल्लीतून फोन, खरंच गेले का म्हणून. नानांनी सांगितलं की लोकांना खरं वाटतं.’

‘आणि आज? आज काय वाटलं असेल लोकांना?’

भूपेंद्रने खिशातून मोबाइल काढून पाहिला. त्याच्यावर काही आलेले नव्हते.

‘माझाही आहे ना त्या यादीत?’ रूपाताईंनी विचारले.

‘तुमचा वापरत नाही ताई. तुम्ही स्वतः वाचता ना, तोवर कशाला?’

हे तो आश्वासन म्हणून बोलला. रूपाताईंनी ‘तोवर’ हा शब्द घरी येऊन स्वप्नील यांना सांगितला. त्यांनी विचारले, ‘मग तू काय म्हणालीस?’ त्या वेळी आत सरण पेटवायला घेतले होते आणि त्या आत गेल्या होत्या.

दहाव्याची बातमी रिक्षावर फिरवत नाहीत, त्यामुळे रूपाताईंची फाइल पुढेही उपयोगी पडणार नाही. ती मोबाइलमध्ये आहे. स्वप्नील यांनी ऐकव म्हटले, तेव्हा त्यांनी नको म्हटले. ती त्यांच्याशिवाय कोणी ऐकलेली नाही. नानांची पाटी तानुबाईंनी देवपुरातल्या भाचीच्या मुलाला अभ्यासाला दिली.

संध्याकाळी जळगावहून नवा मजकूर आला. आग्रा रोडवरच्या एका साडीच्या दुकानाचा सेल आहे, नवरा-बायकोची जाहिरात हवी आहे. काम चार दिवसांपूर्वीच ठरलेले होते. रूपाताईंनी मजकूर वाचला, दोन ठिकाणी शब्द पुढेमागे केले आणि ‘चालेल’ असे टाइप केले.

उद्या सकाळी सातला त्या जिन्याखाली उभ्या राहतील आणि आपला अर्धा भाग वाचून जळगावला पाठवतील. पहिले वाक्य त्यांचे आहे: ‘अहो, ऐकलंत का?’ दुसरे ‘धुळे पुरुष एक’चे आहे. दहा वाजता भिकनची रिक्षा पाच कंदिलापासून निघेल.