जीपमधला पाण्याचा काटा

मी गाव सोडलं त्या दिवशी आई दारातनं हललीच नाही. दादा, म्हणजे माझे वडील, मात्र माझी वळकटी खांद्यावर टाकून कर्जतच्या मोटारीपर्यंत चालत आले. ते मिशनच्या शाळेत मास्तर. मीही मास्तर व्हावं अशी त्यांची फार इच्छा होती, आणि मी निघालो होतो नगरच्या कॅम्पात, लष्कराच्या वर्कशॉपमध्ये. मोटार सुटताना ते एवढंच म्हणाले, "लोखंडाशी गाठ आहे. लक्ष ठेवून काम कर."

तुम्ही गावची मंडळी, काहीजण गावातच राहिलात, काहीजण माझ्यासारखेच बाहेर पडलात. माझ्या बहिणीच्या, दयाच्या बाळंतपणाची गोष्ट तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकली आहे, पण वाटेत काय झालं ते मी कुणाला नीट सांगितलेलं नाही.

वर्कशॉपमध्ये मला जीप भेटली. चारी चाकांनी ओढणारी, ओढ्यानाल्यातून बाहेर येणारी. तिच्या ड्रायव्हरसमोरच्या पाटीवर एक गोल तबकडी असे, इंजिनातलं पाणी किती तापलंय ते दाखवणारी. आमचे फोरमन आम्हाला तिच्यापुढं उभं करून सांगायचे, काटा दोनशे अंश फॅरनहाइटच्या पुढं गेला की गाडी थांबवा. तापल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नका, ते तडकतं. आणि चढलेला काटा एकाएकी खाली आला तर हुरळून जाऊ नका, पाणीच संपलं असेल. पाणी उरलं नाही की काट्याला काही कळत नाही.

महायुद्ध संपलं, लष्कराच्या जुन्या जीपा विकायला निघाल्या. नगरच्या एका दवाखान्यानं त्यातली एक घेतली आणि मी तिचा ड्रायव्हर झालो. माझ्या पत्रांत रेडिएटर, गॅस्केट, ड्यूटी असले शब्द यायला लागले. दादा उलट टपाली त्यांचे अर्थ विचारायचे. आईला त्यातलं काही नको असायचं. मी जेवतो कुठं, एवढंच ती विचारायला लावी.

त्या उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण दया पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. एका सकाळी गावचा माणूस दादांची चिठ्ठी घेऊन दवाखान्यात आला. दया अडली होती, दुसरा दिवस होता. डॉक्टरांनी जीप दिली, सोबत नर्सबाई दिल्या. रेडिएटरचा एक जोड झिरपत होता, हे मला ठाऊक होतं. म्हणून पाण्याचे दोन डबे भरून घेतले.

जाताना निभावलं. दुपारी पाठीमागचं बाक काढून गादी टाकली, दयाला आईच्या मांडीवर रेलून बसवलं, नर्सबाई कडेला अंग चोरून बसल्या आणि आम्ही परत फिरलो. वारा पाठीचा होता, त्यामुळं इंजिनाला हवा लागेना. मी रस्ता कमी आणि काटा जास्त बघत होतो. एकशे ऐंशी. एकशे नव्वद. दोनशेला थांबलो, फडक्यानं झाकण हळूहळू सैल केलं, वाफ जाऊ दिली, इंजिन चालू ठेवून बेताबेतानं पाणी घातलं. पुढं पुन्हा तेच. अर्ध्या वाटेत दोन्ही डबे रिकामे झाले.

मग काटा खाली यायला लागला. दीडशे. त्याच्याही खाली. मी गाडी बंद केली.

आई माझ्या खांद्यावरून तबकडीकडं बघत होती. एवढ्या वाटेत तिला इतकं कळलं होतं, की काटा चढला की मी थांबतो.

"आता तर उतरलाय न्हवं," ती म्हणाली. "थांबू नगंस, भास्कर. पोरगी जाती माझी."

 डबे घेऊन मी शेतातल्या वस्तीकडं पळालो. तिथं एक म्हातारी होती. विहीर आटलेली, दूरवरनं आणलेले दोनच हंडे दारात. मी सांगितलं तेव्हा तिनं रस्त्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "बाळंतीन हाय व्हय? घिऊन जा. आमी आनू परत."

पाणी आलं, तरी लगेच ओतता येईना. झिरपत्या जोडावर साबण दाबून बसवला आणि अर्धा तास इंजिनाला हात लावून बघत राहिलो, चटका कमी झाला का, अजून नाही, आता? दयाचं कण्हणं बंद झालं होतं. त्याचीच जास्त भीती वाटत होती. नर्सबाई तिची नाडी धरून होत्या, माझ्याकडं बघत नव्हत्या. आईही बघत नव्हती.

दिवस मावळायच्या आत पोचलो. ऑपरेशन झालं. दया वाचली. मुलगा रडलाच नाही. डॉक्टर म्हणाले, गाडी वाटेत कायमची बसली असती तर दयाही गेली असती. मूल बहुधा निघायच्या आधीच गेलं होतं. त्यांच्या त्या 'बहुधा'वर मी कितीतरी वर्षं अडून राहिलो. आई माझ्याशी बोलेना.

चौथ्या दिवशी दादा आले. दवाखान्याच्या ओट्यावर बसून त्यांनी मला त्या काट्याबद्दल विचारलं, एकेक गोष्ट, शाळेतल्या पोरानं विचारावी तशी. सगळं समजून घेतलं आणि आईला म्हणाले, "चुलीवरच्या भांड्यातलं पाणी आटलं की उकळण्याचा आवाज थांबतो. भांडं थंड झालेलं असतं का तेव्हा?"

 आई उठून दयाची वेणी घालायला आत गेली. संध्याकाळी तिनं माझं ताट वाढलं.

दया पुढं सावरली. तिला दोन मुली झाल्या. मी नगरलाच राहिलो, लग्न केलं, घर बांधलं, माझ्या मुलांना कर्जतकडची बोली ऐकून हसू येतं. गावाकडनं माणूस आला की तो काय बोलतो त्याआधी माझा जीव खालीवर होतो, अजूनही. गाव म्हणजे माझ्यापुरती तीच धास्ती. आणि आणखी एक गोष्ट. सगळ्या आया निघताना पोराला म्हणतात, लवकर ये. माझी आई शेवटपर्यंत, दर खेपेला, दारात उभी राहून म्हणायची, "सावकाश ये."