दिल्याचे उपकार

बनाबाईला आमच्या खोऱ्यात ‘उपकारबाई’ म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. झऱ्यावर घागर भरली की ती उघड म्हणायची, “देवा, तुजं उपकार.” भाकरीला हात लावण्याआधी म्हणायची. एकदा पायात मोडलेला काटा निघाला, तर भर रस्त्यात बसून म्हणाली. गावच्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. मी वस्तीवरच्या मिशनच्या शाळेचा मास्तर, मीही मनातल्या मनात हसायचो. नवा नवा ख्रिस्ती धर्म आहे, चार पावसाळ्यांत उतरेल, असं मला वाटायचं. तो उतरला नाही.

आता मी म्हातारा झालो आहे आणि तिच्याबद्दल लिहायला बसलो आहे, ते तिची आरती ओवाळायला नव्हे. बाई हट्टी होती, तोंडाने फटकळ होती, आणि एका रविवारी तिने मला भर मंडळीत खोटं पाडलं. ते कसं, तेवढंच सांगायचं आहे.

आमची वस्ती भाटघरच्या धरणाच्या वरच्या अंगाला, वेळवंडी नदीच्या काठी. सात घरं, सगळी एकाच भावकीची, पूर्वीची महारांची. बनाबाई कामथडी गावची, तिथून लग्न होऊन इथे आली. नवरा भीमा. त्यांना मूलबाळ नव्हतं. भीमाचा थोरला भाऊ रखमाजी हा आमच्या मंडळीचा वडील, म्हणजे पंचच म्हणा. अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत आईबाप एका आठवड्यात गेले, तेव्हा रखमाजीने बारा वर्षांच्या भीमाला वाढवलं होतं. स्वतः कोंडा खाऊन त्याला भाकरी घातली होती. ख्रिस्ती व्हायचं ठरवलं तेही त्यानेच, आणि त्याच्यामागून सातही घरं आली.

जुनी जमीन धरणाच्या पाण्याखाली गेली, तेव्हा दोघा भावांच्या वाट्याला डोंगरउताराचा एकेक तुकडा आला. लोक म्हणाले, इथे शेळ्या चारा. भीमा बोलायचाच कमी. सहा उन्हाळे त्याने ओढ्यातले दगड डोक्यावरून वाहून आणले, बांध घातले, माती अडवली आणि भाताची खाचरं उभी केली. बनाबाई दगड उचलून त्याच्या डोक्यावर द्यायची. पहिल्या वर्षी जेमतेम दोन पायल्या भात निघालं, तरी हिने वस्ती जागी होईल एवढ्या मोठ्याने देवाचे उपकार मानले होते.

दर कार्तिकात आमच्याकडे उपकारस्तुतीचा सण असे. देऊळ म्हणजे गवताने शाकारलेलं खोपट. आठवडाभर तीच माझी शाळा. भोरहून पाळकसाहेब चालत येत. प्रत्येक घर नव्या पिकातलं काही आणून मेजावर ठेवी आणि उभं राहून उपकार कशाचे ते बोलून दाखवी. कुणी भात, कुणी नाचणी, कुणी भोपळा, एखादी कोंबडीसुद्धा. ज्याचं दान मेजावर नाही, तो त्या वर्षी मंडळीत नसल्यासारखाच.

ही गोष्ट छत्तीस सालची. सण रविवारी होता. त्याच आठवड्यात भीमाला ताप भरला आणि बुधवारी सकाळी तो गेला. तीस वर्षांचा गडी. खाचरांतलं अर्धं भात कापलेलं, अर्धं उभं.

पाळक भोरला, तेव्हा कबरीवर प्रार्थना मलाच म्हणावी लागली. मी पाळकांच्या सेमिनरीत शिकलेला नव्हतो, पण अशा वेळी काय बोलतात ते ऐकलेलं होतं. आवाज खोल काढून मी म्हणालो, “हे बापा, तू आमच्या या भावाला नेलंस, त्याबद्दलही आम्ही तुझे उपकार मानतो.”

“मास्तर, त्ये म्हनू नगा,” बनाबाई म्हणाली.

मी डोळे उघडले. सगळ्यांनीच उघडले. ती मातीची मूठ हातात घेऊन माझ्याकडे बघत होती. मी कसंबसं आमेन उरकलं. रागाने माझे कान तापले होते. ज्या बाईने काट्याचे उपकार मानले तिने मला उपकार मानू नका म्हणावं, हे मला फार लागलं. तिचं माणूस गेलंय हे त्या रागात मी विसरलो, हेही इथे कबूल करून टाकतो.

संध्याकाळी तिची जाऊ बाळाबाई दगड घेऊन बांगड्या फोडायला आली. बनाबाईने हात मागे घेतला. “आक्का, ह्या त्यानं भरल्यात, भोरच्या बाजारात. काम करताना फुटत्याल तवा फुटत्याल. दगडानं फोडू देनार न्हाई.” बाळाबाई तोच दगड चुलीपाशी ठेवून रडत घरी गेली.

शुक्रवारी बनाबाई विळा घेऊन खाचरात उतरली. विधवेने दहा दिवस घर धरून बसायचं, ते सोडून ही एकटी भात कापते आहे, हे पाहून सगळं खोरं हादरलं. पायवाटेने जाणारी गावची धोंडाबाई थांबून म्हणाली, “अगं, घो गेला, पोटी पोर न्हाई. आता कशाचं उपकार मानशील?” बनाबाईने मान वर न करता विचारलं, “तू ज्या बांधावर हुबी हाईस, त्यो कुनी घातला?” धोंडाबाई खाली उतरली आणि निघून गेली.

शनिवारी दुपारी रखमाजी शाळेत आला. तीन दिवसांत तो वाळला होता, पण त्याच्या डोळ्यांना पाणी नव्हतं. “मास्तर, उद्या बनाचं धान मेजावर घ्यायचं न्हाई,” तो म्हणाला. “सुतकाचं घर हाय. माजं बी सुतकच. आमी दोन्ही घरं भायेर ऱ्हाऊ. बाकीच्यांनी सन करा.”

वास्तविक ख्रिस्ती माणसाला सुतक कसलं? पण आम्ही देव बदलला होता, दहा दिवस मोजायचं काही सोडलं नव्हतं, आणि सुतकाचं धान्य बाकीच्यांच्या दानाला बाटवील ही भीती सातही घरांच्या हाडात होती. मला हे कळत होतं. तरी मी मान डोलावली. एक तर रखमाजीपुढे बोलायची माझी टाप नव्हती, आणि दुसरं म्हणजे बनाबाईची जिरावी असं मला वाटत होतं.

तासाभरात ती दारात आली. हातांना भाताचं तूस चिकटलेलं, बांगड्या अजून तशाच. “मास्तर, सुतक आपल्या शास्त्रात हाय का?”

“शास्त्रात नाही. पण रीत...”

“कुनाची रीत? ज्यांनी आपल्याला देवळाच्या भायेर हुबं केलं त्यांची? आता आपलंच देऊळ झालं, तर आपनच आपल्याला भायेर काढायचं?”

मी पाटीवरचे अंक पुसू लागलो. ती निघून गेली. मग दिवस मावळेपर्यंत तिच्या उखळातला मुसळाचा आवाज येत होता.

रविवारी दहाच्या सुमारास पाळकसाहेब पोचले. मेजावर पांढरं कापड घातलं, पाच घरांचं दान आलं. देवळासमोर जांभळीखाली रखमाजी उघड्या डोक्याने बसला होता. बाळाबाई त्याच्या मागे. मी पेटीवर गीत सुरू करणार, तेवढ्यात बनाबाई डोक्यावर नव्या तांदळाची पाटी घेऊन आली. रखमाजी उठला आणि दारात आडवा झाला.

“बना, माघारी जा.”

“दादा, वाट सोडा.”

“मी त्याचा भाऊ असून भायेर बसलोय. तुला काय झालं? दहा दिस तरी त्याच्यासाठी थांब की!”

“त्याच्यासाठीच आलेय,” ती म्हणाली. “भात त्याच्या खाचरातलं हाय.”

गलका ऐकून पाळकसाहेब दाराशी आले. चांगला माणूस, सगळं ऐकून त्यांनी रखमाजीला बाजूला व्हायला सांगितलं. पण रखमाजी हलला नाही. तेव्हा समेट व्हावा म्हणून ते बनाबाईला म्हणाले, “बाई, इतक्या दुःखातही तू देवाची इच्छा मान्य करून उपकार मानायला आलीस...”

“न्हाई, पाळकसाहेब,” ती म्हणाली. “त्याला नेला त्याचं उपकार मी मानायला आले न्हाई. बुधवारी मास्तर कबरीवर बोललं, त्ये खोटं होतं. माज्या तोंडातनं त्ये कवाच येनार न्हाई. नेला त्याबद्दल माजं देवाशी भांडान हाय, आन त्ये मी त्याच्याशीच भांडनार.”

मी पेटीवरचे हात मांडीवर घेतले.

“पर बारा वर्सं देवानं मला मानूस दिला व्हता,” ती पुढे म्हणाली. “कुनाला मिळतो असा? माज्यावर कवा हात उगारला न्हाई. मला पोर झालं न्हाई, तर लोक म्हनले दुसरी कर. त्यो हसला निस्ता. उनाचं दगड व्हायलं आन मला सावलीला बस म्हनला. ह्ये मला देवानं दिलं, आन दिलं ते दिलंच. मरनानं त्ये खोटं व्हत न्हाई. दहा दिस तोंड शिवून बसले, तर मरान जितलं. मी न्हाई त्याला जिंकू देनार. दादा, वाट सोडा.”

दाराची चौकट धरून रखमाजी हळूहळू खाली बसला आणि चार दिवसांत पहिल्यांदा रडला. एवढा मोठा माणूस लहान पोरासारखा हुंदके देत होता.

“सुतक न्हाई गं,” तो म्हणाला. “मला भ्या वाटलं. आत गेलो तर उपकार म्हनावं लागंल. माजा भीमा नेला, आन त्येचं उपकार मला म्हनवंना. म्हून मी सुतक धरून बसलो.”

बनाबाईने पाटी उतरवली आणि त्याच्यापुढे ठेवली. “मग नेल्याचं म्हनू नगा, दादा. दिल्याचं म्हना. ह्यातलं अर्धं तुमचंच हाय. त्याला तुमी वाढिवला.”

दोघे आत आले, मागून बाळाबाईही. पाळकसाहेबांनी स्वतः पाटी उचलून मेजावर, बाकीच्या दानाच्या मधोमध ठेवली. कुणी आपला भोपळा सरकवला नाही, कुणी उठून गेलं नाही. रखमाजीने पाटीतले ओंजळभर तांदूळ घेतले आणि मेजापुढे उभा राहिला. त्याच्या बोटांमधून दाणे कापडावर गळत होते.

“भीमा दिलास,” तो म्हणाला. “त्येचं उपकार.”

मग त्याने ओंजळ पाटीत रिकामी केली. अशा वेळी आमेन म्हणायचं काम माझं होतं, पण कबरीवर उरकलेलं आमेन मला आठवलं आणि मी मागे राहिलो. मग ते बनाबाईच मोठ्याने म्हणाली.