शाल, श्रीफळ आणि फ्यूएल पंप

गाडीचा पंप बदलायचाय असं मी म्हणालो, तेव्हा शेजारच्या काकांनी मला हायवेवरच्या एका पंपावर पेट्रोल भरायचा सल्ला दिला. "तिथं भेसळ नाय रं. आमी तिथंच भरतो." मी समजावलं, पेट्रोल भरतात तो पंप नव्हे, गाडीच्या टाकीत बसून इंजिनाकडे पेट्रोल ढकलतो तो. "असा बी पंप असतो?" काका म्हणाले. असतो. तो कमी पडला की काय होतं, ते मला बोरघाटात कळलं होतं.

गाडी जपानी, दोन दारांची, टर्बोवाली आणि अर्थातच वापरलेली. आधीच्या मालकाने हौसेने टर्बोचा दाब वाढवून घेतला आणि पंप जुनाच ठेवला. टर्बो इंजिनात जास्त हवा कोंबतो, आणि जास्त हवेला जास्त पेट्रोल लागतं. ते पोचलं नाही तर इंजिन आतून भाजून निघतं. त्याआधी ते उचक्या देतं. या उचक्या सपाटीवर येत नाहीत. चढावर, पाय पूर्ण दाबल्यावर, म्हणजे नेमक्या ओव्हरटेक करताना येतात.

सासूबाई तळेगावला एकट्या राहतात आणि आम्ही घाटाखाली, चौक गावाजवळ. दर रविवारी घाट चढायचाच. पहिल्या उचकीलाच बायकोने सांगितलं, "हे नीट करा, नाहीतर गाडी विका. आईकडे जाताना मला देव आठवायचा नाहीये." मला गाडी विकायची नव्हती. म्हणून मी कुंभिवलीच्या एका स्पेअरपार्टच्या दुकानात गेलो.

दुकानाच्या पाटीवर डरकाळी फोडणारा वाघ होता. मालकाला सगळे शेठ म्हणत. त्याने एक खोकं माझ्यापुढे ठेवलं. खोक्यावर तासाला किती लिटर याचा मोठा आकडा होता, वाघापेक्षा थोडाच लहान.

मी एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करतो. आमच्याकडे नळाचा वायसरसुद्धा कागदाशिवाय आत येत नाही. मी विचारलं, "हा आकडा किती दाबाला?"

"सर, माल कंपनीचा हाय."

"कुठल्या कंपनीचा?"

"कंपनीचा!" शेठ म्हणाला. आमच्या भागात कंपनीला नाव नसतं. नोकरी करणारा 'कंपनीत' असतो, अस्सल माल 'कंपनीचा' असतो, आणि त्यापुढे विचारणं हा आगाऊपणा असतो.

मी आगाऊपणा चालू ठेवला. समोर काही अडथळा नसताना पंप कितीही पाणी उपसेल; दाबाविरुद्ध ढकलताना त्याचा आकडा घसरतो. तो घसरून किती उरतो? आणि गाडीची जुनी बारीक वायर त्याला पुरेशी वीज देणार का? हा दुसरा प्रश्न माझ्या तोंडात अर्धा असतानाच मागून कोणीतरी माझ्या खांद्यावर शाल टाकली. एका हातात नारळ आला, दुसऱ्या हातात पंप. "सर, हिकडं बघा. हसा की!"

आयुष्यभर मी सभागृहात मागच्या रांगेत बसून सत्कारमूर्तींची गंमत पाहिली आहे. ती माणसं इतकी गप्प का असतात, हे त्या दिवशी कळलं. शालीखालून प्रश्न विचारता येत नाही. दोन्ही हात अडकलेले असतात आणि समोरचे टाळ्या वाजवत असतात. पंप बसला. नारळाची चटणी झाली.

पुढच्या रविवारी घाटात एका कंटेनरला ओलांडताना गाडीचा जीवच गेला. बाजूला कंटेनर, मागे टँकर, आणि आमची गाडी मधल्या लेनमध्ये चालत्या माणसाच्या वेगाने. टँकरवाल्याने ब्रेक लावला म्हणून मी हे लिहितो आहे.  बायको गाडी कडेला लागेपर्यंत थांबली, खाली उतरली आणि दगडावर जाऊन बसली. परत येताना आम्ही टोइंगच्या टेंपोत ड्रायव्हरशेजारी होतो. "त्या दुकानाची शाल मी फरशी पुसायला घेणार आहे," एवढंच ती बोलली.

दुसऱ्या दिवशी कुंभिवलीला गेलो तर दुकानासमोर फ्लेक्स. त्यावर मी. शाल, नारळ, पंप आणि माझे सगळे दात. खाली 'आमचे समाधानी ग्राहक'.

"तुझा पंप घाटात मेला," मी शेठला म्हणालो.

"अवो सर, असं कसं व्हईल? तुमीच बघा ना किती खूश हाय!" त्याने फ्लेक्सकडे बोट केलं. माझ्याविरुद्ध मलाच साक्षीला उभं केलं होतं.

मग मी ओरडलो. वायर बदलली नाहीस, दाब मोजला नाहीस, आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं ते या पंपाला चालतं का हे तुला ठाऊक नाही, आणि माझ्या बायकोच्या मागे टँकर होता! रस्त्यावरची माणसं थांबली. शेठ हळूच म्हणाला, "सर, तुमचा मानसन्मान केला आमी." त्याला खरंच वाईट वाटलं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी फ्लेक्स उतरवायला सांगितला. आख्खा नाय काढता येत, तो म्हणाला, त्यावर आमदारसाहेबांचा फोटो हाय. शेवटी ब्लेडने माझा चेहरा तेवढा कापून माझ्या हातात दिला.

नवा पंप मी पुण्याहून मागवला. त्याच्या खोक्यावर वाघ नव्हता. आत एक तक्ता होता: एवढ्या दाबाला एवढं पेट्रोल, एवढ्या व्होल्टला एवढं, आणि इथेनॉल चालतं. आकडा शेठच्या खोक्यापेक्षा बराच लहान, पण माझ्या इंजिनाच्या गरजेपेक्षा थोडा मोठा. कर्जतच्या गॅरेजात बॅटरीपासून थेट जाड वायर आणि पंपाला वीज देणारा वेगळा रिले टाकून तो बसवला. पेट्रोलचा दाब दाखवणारं मीटर लावून मी एकटाच चार वेळा घाट चढलो. काटा खाली घसरला नाही. मग बायको बसली.

कुंभिवली आली तशी ती म्हणाली, "अहो, हळू घ्या. तुमचं मुंडकं उडवलेला फ्लेक्स बघू दे."

मी हळू केली. माझी शाल होती, माझं पोट होतं, माझ्या हातातला पंप होता. भोकात मात्र मागून दुसराच चेहरा चिकटवला होता. चष्मा लावलेला, तिशीचा, भोळा, माझ्याइतकाच हसरा.

"कोण हो हा?"

"पुढचा," मी म्हणालो आणि गाडी दुकानासमोर वळवली.

"आता परत भांडणार?"

"नाही. ह्याचा फोन नंबर घेतो. ह्यालाही घाट असेल."

बायकोने सीटबेल्ट सोडला. "तुम्ही बसा," ती म्हणाली. "तुम्हाला परत शाल घालतील."