तीन तुटलेल्या पिना

आकडा वाचायच्या आधी सर चष्मा काढून शर्टाच्या खिशात ठेवायचे. लांबचं बघायचा चष्मा होता तो. मग डोळा डायलपाशी नेऊन म्हणायचे, "हं, शाईनं लिही." त्यांच्या प्रयोगशाळेत पेन्सिल चालत नसे. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा दिसलाच पाहिजे. "चूक दिसू दे पोरी. लपवली की इंजिनियर संपला."

असे एखादे सर तुम्हीही पाहिले असतील. ज्यांच्या तासाला पोरं उशिरा येत नाहीत आणि का येत नाहीत ते पोरांनाही सांगता येत नाही. आमचे सर जतचे. शिकवताना भाषा पुस्तकी, पण खूश झाले किंवा चिडले की गाव बाहेर पडायचं. एकदा कुणी बडे पाहुणे प्रयोगशाळा बघायला आले आणि चालू मशीनला अगदी खेटून उभे राहिले. सर म्हणाले, "आवं साहेब, मागं सरा. लोखंड तुटलं की तुकडा पद बघत न्हाई." पाहुणे चार पावलं मागे गेले, फोटोवाला सहा.

मी वाईची. एम.टेक. करून जतच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, विश्रामबागेतल्या आमच्या विद्यापीठात सरांच्या हाताखाली संशोधन सहायक झाले. ट्रॉलीचे सुटे भाग बनवणाऱ्या साताऱ्याच्या एका कारखान्याशी विद्यापीठाचा करार झाला होता. उसाची ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणारी पिन त्यांनी नव्याने बनवली होती. ती किती टिकते, ते आम्ही तपासायचं. मशीन पिनेला हजारो वेळा ताण देई आणि सैल सोडी. एकेक पिन म्हणजे दोन-दोन दिवस. मशीनपाशी बसून मी डबा खायची. सर येऊन माझ्यातली भाकरी मोडून घ्यायचे आणि म्हणायचे, "वाईच्या लोकांना भाकरी थापता येत न्हाई. पोळीच लाटा तुमी."

नऊ पिना तपासल्या. सहा टिकल्या, तीन फार लवकर तुटल्या. तुटलेल्या जागी आत बारीक पोकळी दिसत होती. सरांनी ते तुकडे उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिले आणि म्हणाले, "शाईनं लिही." मी लिहिलं.

अहवाल सादर करायला आम्ही साताऱ्याला गेलो. पडद्यावर सरांनी तक्ता दाखवला. त्यात सहाच पिना होत्या. सगळ्या पास. खाली चाचणी करणारी म्हणून माझं नाव. कारखान्याच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण हात आपोआप उचलले गेले.

परतताना कराडच्या पुढे गाडी चहाला थांबली, तेव्हा मी विचारलं, "सर, त्या तीन पिना?"

"तिरक्या बसल्या असतील मशीनमधी."

"नव्हत्या बसल्या. तुम्हीच प्रत्येक वेळी तपासून मशीन चालू केलंत."

सरांनी कप खाली ठेवला. "आपली चौदा पोरं घेणार हायत ते नोकरीला. सगळी जत-आटपाडीची. काहींच्या घरात आजवर कुणी पगार आणलेला न्हाई. त्या घरी जाऊन तू सांगणार हाईस का, की आमच्या तीन पिना तुटल्या?"

"आणि ट्रॉली सुटून रस्त्यावर कुणाच्या अंगावर गेली तर?"

"हंगामाला अजून येळ हाय," ते म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. नवव्या दिवशी मी विद्यापीठाच्या संचालकांना पत्र लिहिलं. समिती बसली आणि तिने चाचण्यांची वही मागवली. मी उघडली, तर ते पान नव्हतं. ब्लेडने इतकं सरळ कापलेलं, की शिवणीत बोट फिरवल्यावरच कळावं. वहीच्या कपाटाची किल्ली सरांकडेच असायची; त्यात ठेवलेले पिनांचे तुकडेही आता नव्हते. मी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला नव्हता. सरांच्या वहीचा पुरावा ठेवायचा, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

सर माझ्या समोरच बसले होते. टेबलाकडे बघत म्हणाले, "मुलगी हुशार आहे. पण नमुने बसवताना घाई करते."

माझ्या फायलीत 'निष्काळजीपणा' हा शब्द चढला आणि मला प्रकल्पातून काढलं. चौदा पोरांपर्यंत गोष्ट पोचलीच होती. जिन्यात भेटली की ती मान वळवायची.

गळीत हंगाम तोंडावर असताना कार्यालयातल्या शिपाईकाकांनी मला बाजूला बोलावून एका पत्राची प्रत दाखवली. सरांनी कारखान्याला लिहिलं होतं : तीन पिना लवकर तुटल्या होत्या, आत पोकळी होती, हा माल वापरू नये. चौदा पोरं कामावर रुजू होऊन तेव्हा आठवडा झाला होता. कारखान्याने पिना परत घेतल्या. एकही ट्रॉली सुटली नाही. मी पत्र पुन्हा वाचलं, तेव्हा मधलं वाक्य दिसलं : 'सुरुवातीच्या नोंदींतील त्रुटीमुळे ही बाब अहवालात आली नाही.' नोंदी माझ्या होत्या. खरं सांगतानाही त्यांनी मला सोडवलं नव्हतं.

त्यानंतर महिन्याभरात सर स्वेच्छानिवृत्ती घेऊन जतला गेले. निरोप समारंभाला मी गेले नाही. प्रयोगशाळेत दुसरे सर आले.

आता मी कराडला शिकवते. गेल्या उन्हाळ्यात परीक्षक म्हणून जतला गेले होते. काम आटोपल्यावर पाय त्यांच्या घराकडे वळले. दारात टँकर उभा होता. सर बनियनवर, दोन्ही हातांनी पाइप धरून पिंप भरत होते. वाळले होते. मला पाहून चेहरा खुलला.

"आलीस व्हय! थांब हां, पाणी सोडता येत न्हाई. डाळिंब लय चांगलं आलंय औंदा."

मी थांबले. एक वाक्य ऐकायला आले होते, ते बहुधा त्यांनाही ठाऊक असावं. पाण्याचा आवाज पिंपाच्या तळापासून वर वर चढत गेला. सर त्या पाण्याकडेच बघत होते. पिंप भरलं, टँकरवाल्याने नळ बंद केला, तेव्हा त्यांनी हात पुसत विचारलं, "जेवलीस का गं?"

सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

"हो सर," मी म्हणाले, "जेवूनच निघालेय." आणि स्टँडच्या रस्त्याला लागले.