एकशे सतरावर अडलेला काटा

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. घरात कुणी नजर उतरवायला लागलं की मी सरळ उठून जायचे. पण हे माझ्यासोबतच घडलंय, तेही भरदुपारी... रिसोडला, आमच्या किराणा दुकानात.

बारावीला मी केमिस्ट्रीत गचकले होते. फेरपरीक्षेचा पेपर दुसऱ्या दिवशी. या वेळी राहिले तर शिक्षण बंद आणि शिलाई मशीन सुरू, असं अम्मीने ठरवूनच टाकलं होतं. मला बीएस्सी करायचंच होतं. आणि मी अडले होते एका गणितात – मिठाचं दोन मोलल द्रावण, द्रावणाचं वजन १११७ ग्रॅम, तर मीठ किती? माझं उत्तर दर वेळी एकशे तीसच्या वर जायचं. पुस्तकात ११७. मी हट्टी... पुस्तकच चुकलंय म्हणून अडून बसले. शेवटी म्हटलं, करूनच बघू.

अब्बा दुपारच्या, जोहरच्या नमाजला गेले होते. मी काट्यावर रिकामं पातेलं ठेवलं, झिरो केलं आणि चमच्याने मीठ टाकत गेले. आकडा ११७ वर आला आणि थांबला. आणखी एक चमचा टाकला – ११७. मूठभर टाकलं, तरी तेच! पातेलं काढून हरभऱ्याची डाळ तोलली, तर काटा बरोबर चालला. पुन्हा मीठ ठेवलं – ११७.

"काय करून राह्यली, बेटा? इतकं मीठ कायले काढलं?" अब्बा परत आले होते.

"तुमचा काटा बिघडला, अब्बा."

त्यांनी स्वतःच्या हाताने मीठ टाकलं. आकडा हलला नाही. "या अल्ला..." म्हणत ते मागे सरकले. भीती मलाही वाटली, पण राग त्याहून जास्त आला. काटा असो की जिन, माझं गणित मी पूर्ण करणारच! पाण्याची बाटली उचलली. पाणी किती घ्यायचं? १११७... आणि तिथेच थबकले. अरे, १११७ तर मीठ धरून आहे! मी सगळ्यालाच पाणी समजत होते. मोलॅलिटी तर नुसत्या पाण्याच्या वजनावर काढतात. एक किलो पाण्यात दोन मोल मीठ, मोलला साडेअठ्ठावन्न ग्रॅम, म्हणजे ११७. दोन्ही मिळून बरोबर १११७.

"११७च आहे, अब्बा!" मी ओरडले.

तेवढ्यात काट्यावरचा आकडा सरकला आणि थेट दोनशेच्या पुढे गेला. आम्ही दोघांनीही हात लावला नव्हता.

पेपरात तसंच गणित आलं, युरियाचं. पास झाले. आता वाशिमला बीएस्सी करतेय. सेन्सर अडकला असेल, मिठाला ओल सुटली असेल – सगळं ऐकून झालं. दुरुस्तीवाल्याकडून काटा समोर उघडून घेतला, काही निघालं नाही. फक्त मिठालाच का अडला, आणि नेमका त्याच आकड्यावर का, हे मला आजही सांगता येत नाही.

शेवटी अब्बांनाच विचारलं.

"मले काय मालूम? जिंदगीभर या गल्ल्यावर तोलून राह्यलो, मले कोनी कधी टोकलं नाही. तुले टोकलं. आता शिकनं सोडू नको."