फरशीकडे बघणारी आत्या

माझी आत्या महिन्यातून एकदा संग्रहालयात जायची आणि चित्राकडे ढुंकूनही न बघता फरशी बघून परत यायची.

दुसऱ्या दालनात, खिडकीसमोरच्या भिंतीवर लंबूमास्तरांनी काढलेलं मोठं चित्र आहे. लोक त्याच्यापुढे माना तिरक्या करून उभे राहतात. आत्या मात्र खाली वाकायची, चष्मा कपाळावर चढवायची, भिंतीच्या कडेने बोट फिरवायची आणि ते बोट उजेडात धरून निरखायची. तिथल्या पहारेकऱ्याने एकदा न राहवून विचारलं, "आजी, काही पडलंय का तुमचं?"

"अजून नाही," आत्या म्हणाली.

तो हसला. मला काही हसू आलं नाही. आत्या कशाला घाबरते ते घरात फक्त मला ठाऊक होतं, आणि ठाऊक झाल्यापासून मीही तेवढीच घाबरत होते.

आमचा धंदा कॅनव्हासला आस्तर लावण्याचा. चौकटीवर कापड ताणायचं, सरस आणि खडूच्या भुकटीचा पातळ लेप द्यायचा, वाळला की घासायचा, पुन्हा द्यायचा. त्यावर चित्रकार रंगवतो, नाव त्याचं होतं आणि आमचं काम रंगाखाली गाडलं जातं. त्याचं आम्हाला काही वाटत नाही. पायाचे दगड दिसायला लागले तर घर पडलं असंच समजायचं. हा धंदा माझ्या आजोबांनी सुरू केला आणि त्यांचा नियम एकच होता. सरसाचं पातेलं गरम पाण्यात ठेवून तापवायचं, सरस उकळू द्यायचा नाही. उकळला की त्याची पकड जाते. दिसायला तो तसाच दिसतो, वाळतोही तसाच, पण आज ना उद्या आस्तर सुटतं आणि सुटताना वरचं चित्र घेऊन खाली येतं.

आजोबा गेले तेव्हा आत्या चोवीस वर्षांची होती आणि माझे बाबा दुसरीकडे नोकरीला लागलेले. "पोरीला झेपायचं नाही," हे सांगायला गल्लीतलं यच्चयावत माणूस दारात येऊन गेलं. काहींनी तर बसून चहा पिऊन सांगितलं. आत्याने आजोबांची पाटी पुसून पुन्हा टांगली आणि कामाला बसली. पण त्या दिवसांत तिच्या मनात जी धास्ती बसली, ती कायमची. एक चूक झाली की सगळे म्हणणार, बघा, आम्ही सांगत होतो.

लंबूमास्तर तेव्हा शाळेत चित्रकला शिकवायचे. उंच, वाकलेले, चौकटीला डोकं आपटल्याशिवाय कुणाच्या घरात न शिरणारे. तो काळ चकचकीत चित्रांचा. मागे तपकिरी अंधार, त्यातून उजळलेली फळं, दागिने, श्रीमंतांची नाकं, आणि वरून वार्निशचा जाड थर. मास्तरांना आणि त्यांच्या दोन मित्रांना या सगळ्याचा वीट आला होता. वस्तूची हुबेहूब नक्कल त्यांना करायचीच नव्हती. वस्तू मोडून, सपाट करून, नुसते रंगाचे तुकडे शेजारी शेजारी मांडून बघायचे होते. आणि त्यासाठी रंग चुन्याच्या भिंतीसारखा कोरडा हवा होता. पण तेलातला रंग कसला कोरडा राहतोय! तो चमकायचाच.

एका दुपारी मास्तर हेच रडगाणं घेऊन आले. आत्या दारात उभी राहून ऐकत होती. गिऱ्हाईकाला "नंतर या" म्हणायची तिची हिंमत नव्हती. आत शेगडीवर एका कानाचं जुनं पातेलं सरस घेऊन बसलं होतं, आणि खालच्या भांड्यातलं पाणी कधी आटलं ते तिला कळलंच नाही. जळका वास आला तशी ती आत धावली. सरस रटरटून उतू गेला होता आणि पातेल्याच्या अंगावर ओघळून करपला होता.

नवा सरस भिजवायचा म्हणजे एक रात्र जाणार. मास्तरांनी सांगून ठेवलेला मोठा कॅनव्हास त्यांना उद्याच हवा होता.

"उद्या मिळेल ना गं?" मास्तरांनी दारातूनच विचारलं.

"मिळेल की," आत्या म्हणाली.

तिने तोच सरस वापरला. आयुष्यात एवढी एकच लबाडी तिने केली. पातेलं मात्र त्याच दिवशी लांबच्या कचराकुंडीत टाकून आली, कुणाला दिसू नये म्हणून.

तीनेक आठवड्यांनी मास्तर आले ते जवळजवळ नाचतच, आणि चौकटीला डोकं आपटून. त्या आस्तराने रंगातलं तेल पिऊन टाकलं होतं. रंग कोरडा ठणठणीत, शांत बसला होता, चमक म्हणून कुठे नाही. काही जागा तर त्यांनी रंगवल्याच नव्हत्या, आस्तर तसंच उघडं सोडलं होतं. "मला यापुढे असलंच दे," ते म्हणाले. आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. पुढच्या वेळेपासून ती चांगल्या सरसात खडू वाढवून द्यायला लागली. त्यानेही तेल शोषलं जातं, आणि आस्तर धरूनही राहतं. मास्तरांनी काही विचारलं नाही. मग त्यांच्या मित्रांनी तसलंच आस्तर मागितलं, मग शिष्यांनी, मग शिष्यांशी भांडलेल्यांनी. दहा वर्षांत चकचकीत चित्रं म्हाताऱ्यांच्या बैठकीपुरती उरली आणि आमच्या दारात दाढीवाल्या पोरांची रांग लागली.

उकळलेल्या सरसावर उभं असलेलं चित्र ते एकच, आणि नेमकं तेच गाजलं. संग्रहालयाने घेतलं. त्यावर पुस्तकं निघाली. चित्रात मधोमध उतरणारी एक रेघ आहे, तिच्यावर एका विद्वानाने पानंच्या पानं भरली होती. ही रेघ कुठल्याच वस्तूची नाही, इथे रेघ वस्तूपासून पहिल्यांदा सुटली आणि नव्या चित्रकलेचं दार उघडलं, वगैरे. मी ते आत्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

"आस्तराबद्दल काही लिहिलंय?" तिने विचारलं.

"नाही."

"मग ठेव ते पुस्तक वर."

खाई त्याला खवखवे म्हणतात ते असं. एवढी सगळी नवी चित्रं ज्या चित्रावरून निघाली, ते चित्र तिने स्वतः एकदाही धड पाहिलं नव्हतं. वर बघितलं आणि तडा दिसला तर? त्यापेक्षा फरशी बरी. फरशी स्वच्छ असली की पुढचा महिना निभावला. मास्तर गेले तेव्हा ती खूप रडली, आणि दुसऱ्याच दिवशी फरशी बघायला गेली. अशी चाळीस वर्षं काढली तिने. दोन वर्षांपूर्वी तिचे हात थरथरायला लागले, तेव्हा पाटी माझ्याकडे आली आणि पाटीबरोबर ही गोष्टही.

गेल्या वर्षी एका सकाळी ती संग्रहालयातून परत आली ती मूठ आवळूनच. मूठ काही केल्या उघडेना. मी एकेक बोट सोडवलं. आत मसुराच्या दाण्याएवढी खपली होती, एका बाजूने तपकिरी, दुसऱ्या बाजूने पांढरी.

"पडायला लागलं," आत्या म्हणाली.

आम्ही ती खपली कापसात गुंडाळून डबीत ठेवली. आता भीतीत चोरीची भर पडली. दार वाजलं की आत्या पांढरीफटक पडायची. एकदा दूधवाला होता, त्याला तिने घाबरून "मी घरी नाही" असं सांगितलं, आणि तो बिचारा बराच वेळ विचार करत उभा राहिला. एरवी मी हे चारचौघांत सांगून हशा मिळवला असता. त्या दिवशी मीही दाराला आतून कडी घातली.

आणि पंधरा दिवसांत वर्तमानपत्रात आलं. ते चित्र तीन परदेशी शहरांच्या दौऱ्यावर निघणार. पेटीत भरून आधी ट्रकने, मग जहाजाने.

आत्याने बातमी दोनदा वाचली. "ट्रक हादरला की संपलं. तिकडे पेटी उघडतील तेव्हा आत नुसतं कापड असेल, आणि तळाशी भुगा."

"हे तुझ्यामुळे झालं ते कुणाला कळणार आहे?" मी म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. मास्तर गेले, पातेलं गेलं. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"म्हणजे पडू द्यायचं?"

खरं सांगायचं तर मला चित्राचं काही पडलं नव्हतं. शहरातले निम्मे चित्रकार माझ्याकडून कॅनव्हास नेतात. ज्यांच्या आस्तरावरून मास्तरांचं चित्र गळून पडलं त्यांच्या दारात उद्या कोण येईल? मी आत्याला सोडून स्वतःसाठी घाबरले होते आणि वर तिलाच शहाणपण शिकवत होते. याची मला आजही लाज वाटते.

चित्र पेटीत जायला चार दिवस उरले तेव्हा आत्या सकाळीच पदर खोचून तयार झाली. हातात डबी होती. "चलतेस का? एकटीने गेले तर मी दारातूनच परत येईन," ती म्हणाली. जाताना वाटेत ती तीनदा थांबली. तिसऱ्यांदा मीच तिचा हात धरला.

चित्रं दुरुस्त करणाऱ्या बाई मागच्या बाजूच्या लांबलचक खोलीत बसतात. पांढरा अंगरखा, डोळ्यावर भिंग. आत्याने नमस्कार केला नाही, नाव सांगितलं नाही, उभ्या उभ्याच बोलायला लागली. आजोबांचा नियम, आटलेलं पाणी, रटरटलेला सरस, लबाडी, सगळं. शेवटी डबी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "मी चोरलं नाही हो. पडलेलं उचललं. आता पोलिसांना बोलवायचं तर बोलवा, पण ते ट्रकवर चढवू नका."

बाईंनी भिंग काढलं.

"आजी, परवा मागून ओल देऊन रंग घट्ट बसवणार होतो आम्ही," त्या सावकाश म्हणाल्या. "एरवी चालतं ते. पण सरसात जीव नसेल, तर पाणी लागताच आतल्या खडूचा चिखल झाला असता. आम्हीच धुऊन काढलं असतं सगळं."

"म्हणजे आता वाचेल?"

"सांगता येत नाही. कुठेही पाठवणार नाही, एवढं नक्की. वेगळ्या पद्धतीने, एकेक खपली धरून बसवावी लागेल. वर्ष लागेल, कदाचित दोन. आणि काही जाईलही." त्यांनी आतलं दार उघडलं. "या. तुमचं आस्तर तुम्हाला जास्त कळेल. कुठे जास्त कच्चं असेल ते दाखवा."

चित्र टेबलावर उताणं ठेवलं होतं, आजाऱ्यासारखं. आता आत्याला बघायला फरशी नव्हती. ती टेबलाच्या कडेला धरून उभी राहिली आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिने ते चित्र पाहिलं.

मी पुस्तकात ते शंभरदा पाहिलेलं. राखाडी तुकडे, उघडं पांढरं आस्तर, खाली एक लाल पट्टा, मधे अर्धगोल, आणि अर्धगोलावरून उतरणारी ती प्रसिद्ध तपकिरी रेघ. आत्या बघत राहिली. मग तिने बोट रंगाला न टेकवता अर्धगोलाच्या कडेवर धरलं. तिथे एक छोटं वळण होतं. फक्त डाव्या बाजूला.

"याला एकच कान आहे," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"माझं पातेलं आहे हे. ही शेगडी. आणि हा उतू गेलेला सरस." "ते दारात उभे होते गं. मला वाटलं, त्यांना आतलं दिसलं नाही. करपलेल्या सरसाचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो, आणि मला वाटलं, त्यांना आला नाही!"

"म्हणजे मास्तरांना पहिल्यापासून—"

"सगळं ठाऊक होतं. कॅनव्हास हातात घेतला तेव्हाच ठाऊक होतं." ती एकदम चिडली. "आणि मेल्याने एका शब्दाने सांगितलं नाही! एवढं म्हणाले असते की माहीत आहे गं मला, तर मी चाळीस वर्षं फरशा कशाला चाटल्या असत्या?"

मग ती रडायला लागली. बाईंनी तिला स्टूल दिलं. पण ती बसेना, वाकून रेघेकडेच बघत राहिली. रेघेच्या खालच्या टोकाला रंग फुगून वर आला होता, आणि तिथेच मसुराएवढी एक पांढरी जागा उघडी पडली होती. बाईंनी डबीतली खपली चिमट्यात धरून त्या जागेवर नुसती नेऊन पाहिली. ती बरोबर बसत होती.

"सुरुवात त्या कोपऱ्यापासून करावी म्हणते," बाई म्हणाल्या. "तिथे सोपं जाईल."

"नको," आत्या म्हणाली. "काय जायचं ते जाऊ दे. आधी ही रेघ धरा."

बाईंनी मान हलवली आणि दिवा रेघेवर ओढून घेतला.