वीज बंद ठेवून निवडलेला बाजा

मला पियानो येतो असं सांगितलं की लोक आधी माझ्या साडीकडे बघतात आणि मग विचारतात, "म्हणजे पेटी?" पेटी नव्हे, पियानो. पेटी मला येत नाही.

मी चौथी पास. बाप गिरणीत, आम्ही पाच भावंडं. अकराव्या वर्षी मला वांद्र्याला एका घरी कामाला ठेवलं. घर एका ख्रिश्चन बाईंचं होतं. त्यांनी लग्न केलं नव्हतं, दिवसभर पियानो शिकवायच्या. सगळे त्यांना मिस म्हणायचे, मीही म्हणायला लागले. केर, फरशी, भांडी झाली की पियानोच्या पट्ट्या ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरड्या करायच्या, हे माझं रोजचं काम. पुसताना आवाज होता कामा नये, असा हुकूम होता. म्हणून मी पट्टी इतकी हळू दाबायचे की ती खाली जायची, पण वाजायची नाही. एक दिवस मिस दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "बाय, हे माझ्या फी देणाऱ्या मुलींना जमत नाही. बस इथे."

तेव्हा बसले ती तीस वर्षं बसले. लग्न झालं, मुलुंडला चाळीत राहायला गेले, मुलं झाली, तरी वांद्र्याला जाणं सुटलं नाही. मिस माझ्या पालथ्या हातावर चार आण्याचं नाणं ठेवायच्या आणि सगळ्या पट्ट्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवायला लावायच्या. नाणं पडलं की परत पहिल्यापासून. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण पाच रेघांवरचे ठिपके झरझर वाचते. अक्षरं दोनच शिकले. पी म्हणजे हळू, एफ म्हणजे जोरात. मिस म्हणायच्या, ही इंग्रजी नाहीत, दुसऱ्याच कुठल्या देशाची आहेत. असतील. मला काय फरक पडत होता?

ऐंशी साल उलटलं तेव्हा दोन गोष्टी झाल्या. माझ्या नवऱ्याची गिरणी बंद पडली आणि मिसची बोटं संधिवाताने वाकडी झाली. नवरा एका कारखान्यात वॉचमन झाला. मिस खुर्चीत बसायच्या आणि नव्या मुलींना मी शिकवायचे. त्यांची फी मिस माझ्याच हातात द्यायच्या. भांडी घासायला दुसरी बाई ठेवली. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. एक दिवस मोरीत दुसरीच बाई बसलेली दिसली, एवढंच.

मग मिस राहायच्या तो बंगला विकला गेला. मिस बोरिवलीला भाच्याकडे राहायला जाणार होत्या. दोन खोल्यांचा ब्लॉक, तिथे पियानो मावत नव्हता. मला म्हणाल्या, "तू घेऊन जा."

नवऱ्याने सुतळी नेली. पियानोची लांबी मोजून गाठ मारली, उंची मोजून दुसरी गाठ मारली आणि आमच्या चाळीच्या जिन्यात ती सुतळी धरून वर-खाली फिरला. शेजारणी दारात येऊन बघत होत्या. शेवटी म्हणाला, "ह्यो वर नेवचो तर आधी चाळ पाडूची लागतली." तो मालवणचा. माझं बोलणं मुंबईचं झालं, त्याचं कधी झालं नाही.

पियानो एका हॉटेलवाल्याने नेला. त्याचे पैसे मिसनी पाकिटात घालून माझ्यासमोर ठेवले. "आता विजेवरचे मिळतात म्हणे. तसला घे."

मी म्हटलं, "हे मी घेणार नाही."

"मी तुला विचारलं नाही."

मुलुंड-भांडुपकडच्या पाच मुली माझ्याकडे यायला तयार होत्या. थंडीत त्यांची परीक्षा होती आणि ती खऱ्या पियानोवर द्यायची होती. बाजा नीट मिळाला तर मी शिकवणारी राहणार, नाहीतर पुन्हा लोकांच्या घरची धुणीभांडी. मला भांड्यांची लाज वाटत नव्हती. पण चाळिशीनंतर हात परत राखेत आणि सोड्यात गेले की बोटं पट्टीवर परत येत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

मिसनी असला विजेचा बाजा जन्मात पाहिला नव्हता, तरी सल्ला दिला. "दुकानदार आवाज विकतो. तू आवाजाला भुलू नको. वीज बंद ठेव आणि वाजव. हात काय सांगतो तेवढंच ऐक." मला ते पटलं. मिसचं मला सगळंच पटायचं.

अंधेरीला एक दुकान होतं, बाहेरच्या देशातून आलेले बाजे ठेवायचं. मी आणि नवरा गेलो. काउंटरवरचा विक्रेता तरुण, केसाला तेल, अंगात घाई. "ताई, हे बघा. हे बटण दाबलं की ढोलक, हे दाबलं की अख्खा बँड. एका बोटाने पार्टी! झकास आयटम आहे."

"मला दहा बोटं आहेत. बंद करा."

"काय बंद करू?"

"वीज."

त्याने नवऱ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, "कर बंद. ती सांगता तसा कर."

मी पर्समधून चार आणे काढून पालथ्या हातावर ठेवले आणि मुक्या पट्ट्यांवर हात फिरवला. दोन गिऱ्हाइकं बघायला थांबली. विक्रेता म्हणाला, "ताई, जादू आहे का?" पहिल्या बाजाच्या पट्ट्या बोटभर रुंदीच्याही नव्हत्या, पोरांचं खेळणं. दुसरा कोपऱ्यात प्लास्टिकखाली पडलेला, वापरलेला, एका बटणाची टोपी गेलेली. त्याच्या पट्ट्या फोलपटासारख्या हलक्या, दाबल्या की खालून खडखड. मी हात काढून घेतला. तिसरा नवाकोरा, काळा, चकचकीत. त्याच्या पट्टीला थोडं वजन होतं, बोटाला काहीतरी धरल्यासारखं वाटत होतं. मी म्हटलं, "हा द्या."

विक्रेत्याने तो सुरू करून दाखवला, सोबत ढोलक लावूनच. त्या गोंधळात मी दोन मिनिटं वाजवलं. बरं वाटलं. बांधून घेतला.

संध्याकाळी घरी खाटेवर ठेवून मी वाजवायला बसले. नवरा चहा पीत होता. दर शनिवारी तो मला न्यायला वांद्र्याला यायचा, मिसच्या पायरीवर बसून वाट बघायचा. संगीतातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण पंधरा-वीस वर्षं कानावर पडत होतं. थोड्या वेळाने म्हणाला, "आज तुझा काय बिनसला गो? सगळा एकाच जोरात वाजवतंस."

"नवीन आहे. हात बसायचाय."

"तसा न्हय. तू भांडान इलंस की असा वाजवतंस. आज तर खंय भांडूक नाय."

मी थांबले. मग एक पट्टी लहानपणी पुसताना दाबायचे तशी दाबली, अगदी हळू. भोंगा वाजल्यासारखी वाजली. मग जोरात हाणली. तेवढीच वाजली. मुंगी चढली असती तरी तेवढीच वाजली असती. पेटीलासुद्धा भात्याने कमी-जास्त करता येतं, ह्याला तेवढीही अक्कल नव्हती. आवाज लहान-मोठा करायची एक खुंटी होती, पण ती फिरवायला तिसरा हात कुठून आणायचा?

पट्टीचं वजन बघितलं, रुंदी बघितली, नाणं ठेवून बघितलं. पण हळू दाबलं तर हळू वाजतं का, हे बघितलंच नाही. ते बघायचं असतं हेच आम्हा दोघींच्या ध्यानात आलं नाही, ना मिसच्या, ना माझ्या. पाण्यात हात घातला की ओला होतो, हे कोण तपासून बघतं? आणि वीज बंद ठेवली तर ते कळणार तरी कसं?

पाच मुलींचे हात ह्याच्यावर तयार केले असते तर परीक्षेत सगळ्या ढोल बडवल्यासारख्या वाजवत्या. पी आणि एफ, माझी दोनच अक्षरं, तीही ह्या बाजात नव्हती. मिसचा पियानो विकून मी एक भोंगा घेतला होता.

मिसना कळवलं नाही. दुसऱ्या दिवशी बाजा चादरीत बांधून आम्ही परत अंधेरीला. आता कोणी परत घेणार नाही, भांडावं लागणार, अशी तयारी करूनच मी गेले होते. त्या दिवशी गल्ल्यावर मालक होता, म्हातारा, चष्मा कपाळावर. त्याने गाठ सोडून बघितलं. "खराब आहे?"

"खराब नाही. बहिरा आहे."

"म्हणजे?"

"हळू दाबलं काय, जोरात दाबलं काय, त्याला ऐकूच येत नाही."

तो हसला. "ताई, मशीन आहे. मशीनला काय कळणार तुमचं बोट?"

नवरा म्हणाला, "मशीनीक नाय कळणा, पण माका कळला मा! मी वॉचमन."

मालकाने आमच्याकडे नीट बघितलं. कोणाकडे शिकलात, किती वर्षं, असं विचारलं. मी सांगितलं. तो उठला आणि कोपऱ्यातला प्लास्टिकखालचा बाजा काढला. "एका ऑर्केस्ट्रावाल्याने विकायला ठेवलाय. ह्याला बोट कळतं. पण ढोलक नाही, बँड नाही, काही नाही. म्हणून गिऱ्हाईक हात लावत नाही."

"हा मी काल बघितला. खुळखुळा आहे."

"बंद असताना बघितलात. आता चालू करून बघा."

खुळखुळाच होता. पट्ट्या तशाच हलक्या, तशीच खडखड. पण मी हळू दाबलं आणि हळू वाजलं. आणखी हळू दाबलं, आवाज जेमतेम आला. मग दोन्ही हात टाकले तर विक्रेता दचकून वळला. मी दोन पानं वाजवली, मिसनी मला पहिल्या वर्षी शिकवलेली. नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "आता बरा. आता तू भांडूक नाय."

मालकाने अदलाबदल करून दिली. वर पायाने दाबायचं पेडल दिलं, आणि जपानी बाजाला आपली वीज सोसत नाही म्हणून मध्ये लावायचा लोखंडी ठोकळाही दिला. मी त्याच्याशी भांडायला गेले होते. भांडण मनातच राहिलं, बरं झालं. त्या माणसाचा मी आजही चांगला विचार करते. बाजावरची बटणं इंग्रजीत होती. त्यातलं पियानोच्या जवळ जाणारं कुठलं, ते त्याने दाखवलं आणि मी कपाळावरची टिकली काढून त्यावर चिकटवली. पुढे बरीच वर्षं मी दुसऱ्या बटणाला हात लावला नाही.

हलक्या पट्टीवर बोटं आळशी होतात. म्हणून मुलींना मी आधी लाकडी पाटावर बोटं आपटायला लावायचे, हातावर चार आणे ठेवून. मग बाजावर. आणि परीक्षेआधी महिनाभर मुलुंडच्या एका चर्चमधल्या पियानोवर, तिथल्या फादरना विचारून. पाचातल्या चार पास झाल्या. पाचवीला मिसच्या पियानोवरही काही आलं नसतं.

परीक्षा झाल्यावर मी आणि नवरा बाजा घेऊन मिसकडे गेलो. शेजारच्यांची रिक्षा होती, त्यांनी नेलं. पवईवरून आरे कॉलनीतून गेलो. रस्ताभर गोठ्यांचा वास, खड्डे, आणि बाजा आम्हा दोघांच्या मांडीवर आडवा. बोरिवलीला भाच्याच्या जेवणाच्या टेबलावर तो ठेवला. मिस बघत राहिल्या. "हे इस्त्रीच्या फळीसारखं दिसतं."

मी सगळं सांगून टाकलं. "मिस, तुम्ही सांगितलंत तसा बंद करून घेतलेला चुकीचा निघाला. मी तो परत दिला."

"मग हा?"

"ह्याला पहिल्याच दिवशी नापास केलं होतं. पट्ट्या हलक्या म्हणून."

त्या खूप हसल्या. मग खुर्ची पुढे ओढून घेतली आणि हात पट्ट्यांवर ठेवला. सहा वर्षांत त्यांनी पियानोला हात लावला नव्हता. बोटं वाकडी, पियानोची पट्टी जड, दाबली की कळ खांद्यापर्यंत जायची. मला वाटलं नुसत्या बघतायत. पण मधल्या बोटाने एक पट्टी दाबली, ती गेली खाली. मग शेजारची. मग उजव्या हाताने हळूहळू, चुकत, थांबत, तीच दोन पानं. फोलपटासारख्या पट्ट्या, त्यांच्या बोटांना तेवढंच वजन झेपत होतं. हळू दाबलं तरी वाजत होतं, आणि हळूच वाजत होतं.

वाईट वाजवलं त्यांनी. अर्धे सूर गळले. मी जवळ उभी होते, राहवलं नाही. "मिस, मनगट खाली पडतंय."

भाचा माझ्याकडे बघायला लागला. मिसनी मनगट उचललं. मी पर्समधून चार आणे काढून त्यांच्या पालथ्या हातावर ठेवले. चार पट्ट्या गेल्या आणि नाणं घरंगळून टेबलाखाली गेलं.

"उचल," त्या म्हणाल्या. "परत ठेव."